फुकट नव्हे, मुक्त!

(विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगभरातील कोट्यवधी घरगुती संगणक एकाएकी ‘जुने’ ठरले. त्या दिवशी त्यांच्यातील एकही भाग जळला नव्हता, एकही स्क्रू सैल झाला नव्हता. ज्या संगणकावर आदल्या दिवशी मुलाने शाळेचा प्रकल्प लिहिला, आईने विजेचे बिल भरले, आजोबांनी परगावच्या नातवाशी गप्पा मारल्या, तो दुसऱ्या दिवशीही तसाच चालत होता. घडले होते एवढेच की, मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीला नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा पुरवणे थांबवले. काही अटींवर वर्षभराची वाढीव मुदत देऊ केली गेली हे खरे. पण पुढचा मार्ग म्हणून जी ‘विंडोज ११’ सुचवली गेली, ती असंख्य जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चढतच नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो.

कंपनीने येथे काही बेकायदा केले असे नाही. तारीख तिने फार आधी जाहीर केली होती. विचार करायचा आहे तो आपल्या स्थितीचा. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूचे आयुष्य किती, हे ठरवण्याचा अधिकार घरमालकाकडे आहे की दूर देशातील एखाद्या कार्यालयाकडे? या प्रश्नाच्या अनुषंगाने आज दोन गोष्टींचा परामर्श घ्यायचा आहे. पहिली, स्वतःच्या हाताने संगणक जोडणे. आणि दुसरी, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. वरवर पाहता हे दोन वेगळे छंद वाटतात. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. जे साधन वापरायचे, ते उघडून पाहता आले पाहिजे.

सुटे भाग, खुला आराखडा

संगणक घरी जोडता येतो, याचे श्रेय इतिहासातील एका घाईला जाते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम या बलाढ्य अमेरिकी कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून कंपनीने बहुतेक भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. शिवाय यंत्राचे आराखडे असलेली तांत्रिक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. तिजोरीची किल्ली म्हणावी अशी एकच वस्तू आयबीएमच्या हाती उरली, ती म्हणजे ‘बायोस’. यंत्र सुरू होताच सर्व भागांना जागे करणारी ही छोटीशी आज्ञावली. तिच्यावर स्वामित्वहक्काचे संरक्षण होते.

ही किल्ली इतरांनी कशी घडवली, ते पाहण्यासारखे आहे. १९८२ मध्ये ह्यूस्टन येथे स्थापन झालेल्या कॉम्पॅक या कंपनीने काम दोन गटांत वाटले. एका गटाने आयबीएमचे बायोस काय काय करते, याची केवळ नोंद केली. दुसऱ्या गटात ज्यांनी ते बायोस कधी पाहिलेलेच नाही, अशांना बसवले आणि त्या नोंदीवरून नवे बायोस कोऱ्या कागदापासून लिहून घेतले. एक ओळही उचलली नाही, म्हणून कायद्याचा भंग झाला नाही. पुढे अनेकांनी हा मार्ग धरला आणि पीसी ही एका कंपनीची मालमत्ता न राहता सर्वांचा सामायिक आराखडा झाली. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मानक आणले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूची छिद्रे, वीज देणारी जोडणी यांची मापे ठरून गेली. म्हणूनच आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस या बाजारपेठा या खुल्या आराखड्यावर उभ्या राहिल्या. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही कित्येक मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक आला तो तेथूनच, ‘असेंबल्ड’ या नावाने. कंपनीच्या तयार यंत्रापेक्षा स्वस्त आणि बिघडलेला भाग तेवढा बदलता येईल असा. कित्येक तरुणांचे शिक्षण आणि कित्येकांचा व्यवसाय या एका गोष्टीमुळे सुरू झाला.

परंतु येथेच एक अप्रिय सत्य मांडणे भाग आहे. त्या संगणकाचा प्रत्येक भाग पावतीनिशी विकत घेतलेला असे आणि त्यात भरलेली प्रणाली मात्र पुष्कळदा चोरीची असे. दुसऱ्याच्या झाडाचा आंबा उचलू नये, असे मुलांना शिकवणाऱ्या घरांत ‘कॉपी मारलेली’ सीडी कोणाला खटकत नसे. ‘सगळेच वापरतात’ हे त्यावरचे समर्थन होते. त्यातून दुहेरी हानी झाली. एक तर नीतीची. आणि दुसरी अशी की, चोरून का होईना, एका कंपनीच्या प्रणालीची सवय दोन पिढ्यांच्या हाडीमाशी खिळली. सवय ही विकत घेतलेल्या परवान्यापेक्षा घट्ट बेडी असते. त्याच काळात प्रामाणिक पर्याय उपलब्ध होता, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

अडकलेला कागद

त्या पर्यायाचा जन्म एका अडकलेल्या कागदातून झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करत. तेथील जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना तशी सूचना संगणकावर मिळावी, अशी सुधारणा त्यांनी त्याच्या आज्ञावलीत केली होती. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकत असे. पण त्याची मूळ आज्ञावली कोणाला पाहू द्यायची नाही, असा करार होता. ज्याच्याकडे ती होती, त्याने ती देण्यास नकार दिला. काय करायला हवे ते कळत होते, करण्याची क्षमता होती, तयारीही होती; अधिकार तेवढा नव्हता.

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आला. वापरणाऱ्याला चार अधिकार असावेत, हे त्यामागचे सूत्र. कोणत्याही कारणासाठी वापरण्याचा, आतील रचना अभ्यासून आपल्या गरजेनुसार बदलण्याचा, दुसऱ्याला प्रत देण्याचा आणि सुधारलेली प्रतही वाटण्याचा. अट एकच. जो सुधारून पुढे वाटेल, त्याने हेच चार अधिकार पुढच्यालाही दिले पाहिजेत. विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे, विहीर खोल करावी. मात्र तिच्यावर कुलूप घालू नये, असा हा करार आहे.

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने येथे मोठा घोटाळा केला. त्या एका शब्दात ‘विनामूल्य’ आणि ‘स्वतंत्र’ हे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. आपली मायबोली याबाबतीत श्रीमंत आहे. ‘फुकट’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मोबाइलवरची कित्येक ॲप्स फुकट असतात. पण ती मुक्त नसतात. त्यांचे मोल आपली माहिती देऊन चुकवावे लागते. उलट मुक्त सॉफ्टवेअरसाठी पैसे घेण्यास कोणतीही मनाई नाही. त्याची सेवा, देखभाल, प्रशिक्षण यांवर मोठे उद्योग उभे आहेत.

या चळवळीला जो गाभा हवा होता, तो आला फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या आरंभी ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला. विद्यापीठातील मोठ्या यंत्रावर चालणाऱ्या युनिक्ससारखी प्रणाली आपल्या खोलीतही असावी, म्हणून तो ती स्वतः लिहू लागला. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपले काम जाहीर केले ते हा केवळ छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, अशा नम्र भाषेत. १९९२ मध्ये त्याने ते जीपीएलखाली आणले आणि जगभरचे हात कामाला लागले. तीच लिनक्स. खुल्या आराखड्याचा पीसी नसता, तर त्या विद्यार्थ्याला ती लिहिता आली नसती, हा दुवा लक्षात ठेवला पाहिजे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. आपण लिनक्स वापरत नाही असे म्हणणारा गृहस्थ तिला दिवसभर हातात घेऊन फिरत असतो.

राष्ट्राचा धडा

घराला जे लागू, ते राष्ट्रालाही लागू आहे. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे महासंगणक मागितला, तेव्हा नकार आणि जाचक अटी यांचा अनुभव आला. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. तो कसा झाला? एकच अजस्र प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता, ट्रान्सप्युटर नावाचे बाजारात मिळणारे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून. म्हणजे स्वतःच्या हाताने संगणक जोडण्याचाच तो एक भव्य आविष्कार होता. सुटे भाग परदेशी होते. ते जोडण्याचे आणि त्यांच्याकडून एकोप्याने काम करून घेण्याचे ज्ञान आपले होते.

मे २००३ मध्ये पुण्याच्याच हिंजवडी येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी या विषयाला स्पष्टपणे हात घातला. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांच्याशी झालेल्या भेटीत सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या प्रश्नावर आपली मते जुळली नाहीत, हे त्यांनी सांगितले आणि भारतासारख्या देशाने मुक्त स्रोताची कास धरावी, असे प्रतिपादन केले. क्षेपणास्त्रांच्या क्षेत्रात परदेशी नकार पचवलेल्या शास्त्रज्ञाचे ते बोल होते.

त्या बोलांचे प्रत्यंतर बावीस वर्षांनी आले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर, तिच्यातील रशियन भागीदारीमुळे, निर्बंध घातले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल आणि अन्य सेवा थांबवल्या. कारखाना भारतात, कर्मचारी भारतीय, सेवेचे पैसे भरलेले, भारतीय कायद्याचा कोणताही भंग नाही. तरीही कर्मचाऱ्यांचे टपाल बंद! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि आठवडाभराच्या आत सेवा पूर्ववत झाली. परंतु कळ कोणाच्या हातात आहे, हे देशाने पाहिले. त्या जागी एखादे रुग्णालय, बँक किंवा वीजमंडळ असते तर? भारत सरकारने २०१५ मध्येच शासकीय कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. कागदावरील धोरण टेबलावरील संगणकापर्यंत पोहोचवणे हे काम उरले आहे.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. एका संगणकावर टंकलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की अगम्य चिन्हांचा चिखल दिसायचा, हा अनुभव कार्यालयांत आणि छापखान्यांत काम केलेल्या सर्वांना आहे. प्रत्येक कंपनीच्या टंकाची आंतरिक रचना वेगळी आणि गुप्त होती. युनिकोड या सामायिक मानकाने ते संकट बहुतांशी दूर केले. मात्र बारकावे राहतातच. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे. ‘वाऱ्यावर’ किंवा ‘दऱ्या’ लिहिताना येणारा र मराठीचा खास. परकी कंपनी हे करील तेव्हा करील. टंक मुक्त असेल तर ज्याला खटकते, तोच दुरुस्ती करू शकतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला देवनागरी टंक मुक्त परवान्यावर सर्वांना खुला आहे. त्याचे नावच ‘मुक्ता’ आहे.

दोन शंका

पहिली शंका अशी येते की, लिनक्स फिनलंडची, स्टॉलमन अमेरिकेचे, भाग तैवान-कोरियाचे. मग यात स्वदेशी ते काय? शंका रास्त आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले भाग घरी जोडल्याने देश प्रोसेसर-निर्मितीत स्वावलंबी होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी वाढताच घरगुती संगणकाच्या रॅमचे भाव जगभर भडकले. त्यावर आपले नियंत्रण नव्हते. परंतु ज्ञानाचा उगम कोठला, यापेक्षा ते आत्मसात करून पुढे नेण्याची मुभा आहे की नाही, हे महत्त्वाचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे २०१० मध्ये सुरू झालेला ‘रिस्क-फाइव्ह’ हा प्रोसेसरचा आराखडा खुला आहे. म्हणून मद्रास आयआयटीला ‘शक्ती’ आणि सी-डॅकला ‘वेगा’ हे प्रोसेसर कोणाच्या परवानगीवाचून रचता आले. याउलट एखादे सॉफ्टवेअर भारतीय कंपनीचे असूनही बंदिस्त असेल, तर ग्राहकाची बेडी फक्त देशी होते.

आणि आपणही केवळ घेणारे राहिलेलो नाही. बेंगळुरूच्या आयआयआयटीमध्ये २०१८ पासून विकसित झालेली ‘मोसिप’ ही नागरिक-ओळखीची मुक्त प्रणाली फिलिपाइन्स आणि मोरोक्को यांसारख्या देशांनी स्वीकारली आहे. विहीर खोल करणाऱ्यांत भारतीय हातही आहेत.

दुसरी शंका सुरक्षेची. आतील रचना सर्वांना दिसते, तर चोरालाही दिसणारच! याचे उत्तर मार्च २०२४ च्या एका घटनेत आहे. ‘एक्सझेड’ नावाचे माहिती संकुचित करणारे छोटे मुक्त सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स यंत्रांत असते. त्याची देखभाल एक थकलेला स्वयंसेवक जवळपास एकटाच पाहत होता. ‘जिया टॅन’ असे टोपणनाव घेतलेल्या कोणीतरी मदतीच्या मिषाने सुमारे दोन वर्षे विश्वास संपादन केला आणि मग त्यात चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने मूळ आज्ञावलीपर्यंत माग काढला आणि ती चोरवाट जगभर पसरण्यापूर्वी उघडकीस आणली. गंमत अशी की, हा अभियंता नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्येच. पेटी उघडी होती म्हणून त्याला आत पाहता आले, हा या घटनेचा पहिला बोध. दुसरा अधिक बोचरा आहे. ज्यावर सारे जग विसंबून होते, त्या माणसाच्या मदतीला वर्षानुवर्षे कोणी गेले नाही. खुलेपणा आपोआप सुरक्षा देत नाही. पाहणारे डोळे आणि राबणारे हात असावे लागतात.

प्रारंभ घरापासून

आता कृतीचा विचार. घरात जुना संगणक असेल तर तो भंगारात देण्याची घाई करू नये. त्यातील महत्त्वाची सर्व माहिती आधी दुसरीकडे उतरवून ठेवावी. चार जीबी रॅम असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवताच यंत्र ओळखू येणार नाही इतके चपळ होते. मग पेन ड्राइव्हवर ‘मिंट’ किंवा ‘उबुंटू’ घेऊन ते तेथूनच चालवून पाहावे. यात मूळ डिस्कला धक्का लागत नाही. प्रिंटर, वायफाय, ध्वनी सर्व ठीक चालले तरच कायमची प्रतिष्ठापना करावी. विंडोजवरच चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर ज्याच्या उदरनिर्वाहाचे साधन आहे, त्याने ते सोडण्याचे कारण नाही. त्याने पत्रलेखन आणि तक्ते यांसाठी ‘लिब्रेऑफिस’पासून सुरुवात करावी, ते विंडोजवरही चालते. शिकण्यासाठी मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पातील छोटे छोटे पाठ आहेत, त्यांतले कित्येक मराठीतून. केरळच्या शासकीय शाळांतील मुले तर अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आहेत. तेथील राजकीय विचार कोणताही असो, ही गोष्ट अनुकरणीय आहे.

नवा संगणक घ्यायचा असेल, तर तो दहावी-बारावीच्या मुला-मुलींकडून जोडून घ्यावा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थितिक वीज उतरवायची, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण मदरबोर्डवरील त्रिकोणाशी जुळवून तो तिळमात्र जोर न लावता ठेवायचा, त्यावर थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका, वर पंखा. रॅमची पट्टी ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबायची. मोठ्या जोडणीबरोबरच प्रोसेसरची वेगळी वीजजोडणी विसरली, तर पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो. ही चूक बहुतेक प्रत्येक जण एकदा करतो आणि शोधून काढतो. एसएमपीएसच्या दर्जात काटकसर करू नये आणि ती पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यात धोकादायक भार उरतो. घरातील तीन पिनांच्या सॉकेटला खरोखरच अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

यातून पैसे वाचतील किंवा वाचणारही नाहीत. वाचणार आहे ते वेगळेच. पडदा काळा राहिला असताना ‘कोणाला तरी बोलवा’ असे न म्हणता एकेक जोडणी तपासत बसलेले मूल पुढे कोणत्याही यंत्रासमोर दबकणार नाही. मग त्याने एक पाऊल पुढे टाकावे. एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमधील मराठी भाषांतरातील चूक दुरुस्त करून पाठवावी, आढळलेला दोष नीट लिहून कळवावा, जमेल तेव्हा चार ओळींची आज्ञावली द्यावी. जगाच्या विहिरीतून आजवर आपण पुष्कळ पाणी भरले आहे. आता एक घमेले गाळ काढण्याची पाळी आपली.

माळ्यावर ठेवलेला तो जुना संगणक येत्या रविवारी खाली काढावा, पुसून घ्यावा आणि मुलांना सोबत घेऊन त्याचे झाकण उघडावे. एवढीच विनंती.